शरीफभाईंची चौकट

सूर, ओमान
शुक्रवार, १४ सप्टेंबर २०१८

प्रिय महमूद,

गोदीतला जहूर गावी येतोय, त्याच्या हातून तुला ही चिठ्ठी आणि कापडात शिवलेली एक गुंडाळी मिळेल. गुंडाळी आधी उसवू नकोस. हे वाक्य वाचेपर्यंत तुझा हात कात्रीकडे गेला असणार, मला माहीत आहे. तुझ्या बायकोला, खुदेजाला सांग, ती कात्री काढून घेईल. आधी चिठ्ठी शेवटपर्यंत वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं असं नाही. पण मी मुद्द्यावर यायला लागले की तू 'आपा, जेवलीस काय?' असं विचारतोस आणि पुढचं सगळं बोलणं रश्शात बुडतं. इमोवर व्हिडिओ कॉल केला तर तुझं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. असलं बोलणं पंख्याशी कसं करणार? म्हणून दहावीला मराठीत वर्गात पहिली आलेली तुझी बहीण इतक्या वर्षांनी पेन घेऊन बसली आहे. अक्षराला हसू नकोस.

आधी खुशाली. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिवणयंत्राचं पायडल अजून चालवतात. ईद यंदा ऐन उन्हाळ्यात आली. नबील मस्कतहून, अल् खुवैरहून आला होता. त्याला ऑफिसात आता वेगळी खोली मिळाली आहे आणि त्या खोलीने त्याचं पोट पुढे आणलंय. मला म्हणाला, 'अम्मी, बकरा आणायचा, कापायचा, एवढी मगजमारी कशाला? अ‍ॅपवर होते हल्ली कुर्बानी. नाव टाकायचं, खलास.' मी विचारलं, आणि कातडं रे? ते कुठल्या अ‍ॅपवर वाळवू? त्यावर त्याने फोन खिशात घातला. कारण कातडं म्हटलं की आमच्या घरात काय आठवतं ते त्यालाही ठाऊक आहे, आणि तुलाही.

तुला ती पहिली ईद आठवते का, तू नुकताच सूरला आला होतास ती? नबीलचे अब्बा गोदीतून आले आणि पाहतात तर तू कुर्बानीचं कातडं गच्चीवर उन्हात पसरून ठेवलेलं, वर चार दगड. आपल्या खाडीवर सुकट वाळत घालतात ना, तसं. तुला वाटलं, ऊन तेच, वारा तोच, मग वाळवण निराळं कसं असेल? संध्याकाळपर्यंत त्याचा पापड झाला होता. उचलायला गेलास तर मधोमध कडकन मोडलं. मी तुझ्यावर खेकसणार होते, कारण मला त्या कातड्याचा मुसल्ला, नमाजाला अंथरायला, हवा होता. पण ते हसत हसत जिन्यावरच बसले. म्हणाले, 'महमूद, हा कोकणचा सूर्य नाही. हा शिजवून खातो.' मग तुला घेऊन मागच्या शेडमध्ये गेले आणि होडीच्या कामातून उरलेल्या सागवानाच्या पट्ट्या बाहेर काढल्या. पहिली चौकट त्या दिवशी बनली. तिच्यावर ताणायला तेव्हा कातडं नव्हतं, तरी बनली.

त्यानंतर तू गावी परत जाईपर्यंत दर ईदला तुमचा दोघांचा तोच उद्योग. मी दारात बसून लसूण सोलायची आणि तुमची भांडणं ऐकायची, म्हणून त्या कामातलं मला सगळं येतं, हातात पटाशी कधी न घेता. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या. कोपऱ्यात खाचा पाडून एकीत एक बसवायच्या. लोखंडी खिळा एकही नाही, कारण ओल्या कातड्यातलं मीठ खिळ्याला लागलं की काळा डाग पडतो तो जन्माचा. बाजूंना गिरमिटाने भोकं, त्यांत लाकडी खुंट्या, आणि दोरी आधी मानेकडून, मग शेपटीकडून, मग समोरासमोरून, बाज विणतात तशी. तू करकचून आवळायचास. ते म्हणायचे, अरे, वाळताना ते आणखी आखडणार आहे, त्याला जागा ठेव, नाहीतर फाटेल. म्हणून तर त्यांनी कोपऱ्यांत पाचरी ठेवल्या होत्या. रोज येऊन प्रत्येक पाचर हातोडीने किंचित मागे सारायची, म्हणजे चौकटच कातड्यापुढे थोडं नमतं घ्यायची. तुझं म्हणणं, चौकटीने नमतं घ्यायचं तर चौकट हवी कशाला? या एका मुद्द्यावर तुम्ही दोघे किती वर्षं भांडलात! आणि भांडून झालं की एकाच ताटात जेवायचात. मी कुणाची बहीण आणि कुणाची बायको, तेच मला कधी कधी कळेनासं व्हायचं.

त्या चौकटीवरचे मुसल्ले आता कुठे कुठे गेले आहेत. अर्बाबच्या, त्यांच्या गोदीच्या मालकाच्या घरी दोन आहेत, मशिदीत बांग देणाऱ्या मुअज्जिनकडे एक. विकला एकही नाही. कुर्बानीचं कातडं विकायचं नसतं, आपण वापरायचं नाहीतर देऊन टाकायचं, हा नियम त्यांनी इतका पाळला की घरात आम्हाला एक धड उरला नाही. सगळ्यांना दिले, फक्त तुला दिला नव्हता. तुझ्यासाठी त्यांना मनासारखं कातडं हवं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या ईदला ते मिळालं. तपकिरी रंग, पाठीवर पांढरा पट्टा. दोरी बांधून झाल्यावर मला हाक मारून म्हणाले, हे महमूदचं. दुपारी त्यांनी पाचरी सारल्या. नंतरच्या शुक्रवारी नमाजला जायला म्हणून उठले आणि दारातच बसले ते बसलेच.

त्यांची माती इथेच झाली. तुला यायला जमलं नाही, कारण अम्मा अंथरुणाला खिळलेली आणि तिला उचलणारा तू एकटा. माझ्या वाटची चाकरी तू केलीस, हे मी विसरलेली नाही. तू फोनवर रडत होतास आणि मी तुला समजावत होते, म्हणजे सगळं उलटंच चाललं होतं. तेव्हा तू एकच मागणं केलंस. म्हणालास, 'आपा, ता कातडा तसाच राहू दे. शरीफभाईंच्या गाठी मी येऊन सोडीन.' मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, जबान दिली. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसून सरले, अर्बाबच्या बायकोने मला तिच्या शिवणाच्या दुकानात घेऊन माझा व्हिसा सांभाळला, अम्मा गेली, दोन पावसाळे गेले. तुझं येणं काही होईना आणि चौकट शेडमध्ये भिंतीला टेकून उभी. मी आठवड्याला धूळ पुसायची, मागे कडुनिंबाचा पाला खोचायची. कुणाला हात लावू दिला नाही. एकदा शेजारच्या मुलांचा चेंडू तिच्यावर आपटला तर मी असं काही ओरडले की बिचारी आठवडाभर आमच्या गल्लीत खेळायला आली नाहीत.

आता तुला अलीमियाँबद्दल सांगते. नाव तू ऐकलं असशील, जहूर त्याच्याकडून दोर घेतो. म्हसळ्याकडचा माणूस, इब्र्याच्या सूकजवळ, तिथल्या बाजाराजवळ, त्याचं दुकान आहे, दोरखंड, ताडपत्र्या, बकऱ्यांचा चारा, असं काहीबाही. बायको जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पनवेलला. गेल्या ईदला मला काही सुचेना म्हणून जहूरने त्याला गाठून माझ्या कुर्बानीची व्यवस्था करायला सांगितली. त्याने सगळं नीट केलं, मटण पिशव्यांत भरून घरपोच आणलं. मी विचारलं, कातडं? तर म्हणतो, 'भाभी, ते खाटकाला दिलं. तो बोलला मजुरीत धरतो, सगळे तसंच करतात.' महमूद, माझं टाळकंच फिरलं. कुर्बानीचं कातडं खाटकाची मजुरी म्हणून देता येत नाही एवढं आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. या माणसाची दाढी पिकली तरी पत्ता नाही! मी दारात उभं राहून त्याला जे बोलले ते लिहीत नाही. तो तसाच उलट्या पावली गेला, खाटकाची मजुरी वेगळी चुकती केली आणि बादलीत घालून कातडं परत घेऊन आला. तोवर त्याला वास सुटला होता. दोघांनी मिळून ते मागे पुरलं. खड्डा त्यानेच खणला. जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी चौकट मी करीन, तुम्ही फक्त सांगा कशी.

वर्षभर तो येत राहिला. कारण असायचं, नाही असं नाही. कधी दुकानाला दोऱ्याची रिळं, कधी इब्र्याचे खजूर, कधी नुसता रस्त्याने चाललो होतो म्हणून. इब्र्याहून सूर म्हणजे काही गल्लीच्या तोंडाशी नाही, रस्त्याने चाललो होतो म्हणजे काय! पण मी विचारलं नाही. चहा द्यायची. तो पायरीवर बसून प्यायचा, मी आत यंत्रावर. बोलणं बकऱ्यांचं, गावच्या पावसाचं, तिथल्या रस्त्यांचं. एकदा त्याने मला हसवलं आणि मी इतक्या जोराने हसले की माझाच आवाज मला ओळखू येईना. त्या रात्री मी शेडकडे फिरकलेच नाही, लाज वाटली. आणखी एक सांगते, तू हसशील किंवा चिडशील. नबीलच्या अब्बांचं नाव मी उभ्या आयुष्यात घेतलं नाही, वर आलंय ते तुझ्या तोंडचं. त्यांना हाक मारायची तर बांगड्या वाजवायची. आणि या माणसाचं नाव बघ, या चिठ्ठीत बिनदिक्कत लिहीत चालले आहे. परका आहे म्हणून घेता येतं, अशी मी माझी समजूत घालते.

यंदा मी बकरा स्वतः बघायला इब्र्याला गेले. कुर्बानी नबीलच्या अब्बांच्या नावाने करायची होती, तेव्हा बकरा दुसऱ्याच्या पसंतीचा नको होता. मला हवा होता तसाच मिळाला, तपकिरी. अलीमियाँने शब्द पाळला आणि चौकट करून आणली. काय सांगू तुला त्या चौकटीचं! पेटाऱ्याच्या फळ्या, कुठे जाड कुठे पातळ, आणि कोपऱ्यांना खिळे. मी सांगितलं होतं, खिळा नको. तो म्हणतो, खाचा पाडायला गेलो तर फळ्याच दुभंगल्या, मग खिळे वरून टेपने झाकले. सुताराचा हात नाही त्याला, महमूद, अजिबात नाही. हातोडीने बोटांची नखं काळीनिळी करून घेतली होती आणि चेहरा असा की जणू जहाज बांधून आणलंय. मला नाही म्हणवलं नाही. कातडं खरवडून, मिठात ठेवून, धुऊन आम्ही त्याच्या चौकटीवर ताणलं आणि शेडच्या सावलीत उभं केलं. शेजारीच भिंतीला टेकून तुझं कातडं, त्यांच्या चौकटीवर. मी तिकडे पाहायचं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कातडं आखडायला लागलं आणि चौकट सरकेना. पाचरी नव्हत्याच ना. एकदम कट्‌ असा आवाज झाला. जाऊन पाहते तर वरचा कोपरा उपटलेला, खिळा बाहेर, कातडं एका बाजूला लोंबतंय आणि घडीत दुमडतंय. घडी पडली की इथल्या दमट हवेत कुजायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. गेल्या वर्षीचं पुरलं होतं. यंदाचं त्यांच्या नावाचं होतं. ईदच्या सुट्टीसाठी सूरमध्येच उतरलेला अलीमियाँ धावत आला, तोंड उतरलेलं. मी भिंतीकडे पाहिलं तसं त्याला कळलं. म्हणाला, 'भाभी, नको. ती नको. मी इब्र्याला जाऊन दुसरी आणतो, सुताराकडून आणतो.' इब्र्याला जाऊन यायला संध्याकाळ झाली असती. त्याने नको म्हटलं होतं, हे लक्षात ठेव. हात माझे होते.

तुझ्या कातड्याच्या एका कडेचे केस झडायला लागले होते, कसर लागली होती. मला तुला असं सांगता आलं असतं की तुझं कातडं वाचवण्यासाठी मी ते सोडवलं. पण ते निमित्त झालं. खरं असं की मला चौकट हवी होती. मी खाली बसले आणि शेपटीकडून सुरुवात केली. त्यांच्या गाठी ओढल्या की सुटणाऱ्या असतात, तू नेहमी म्हणायचास, ही काय गाठ झाली? ओढली की सुटत गेल्या. वाटलं होतं, रडेन. रडू आलंच नाही. शेवटची दोरी निघाली आणि मला एकदम हलकं वाटलं, महमूद. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये मला नीट श्वास घेता आला. त्याचीच मला सगळ्यात जास्त खंत आहे. जबान मोडल्याची आहेच, पण मोडताना बरं वाटलं याची जास्त. अलीमियाँ तोवर शेडच्या बाहेर पाठ करून उभा होता. मी हाक मारली तेव्हाच आत आला. मग दोघांनी मिळून ओलं कातडं त्यांच्या चौकटीवर ताणलं. त्याने विचारलं, किती आवळू? मी म्हटलं, सैल राहू द्या.

तुझं कातडं चौकटीवरून निघालं तरी फळीसारखं ताठ उभं होतं. ते तसंच पाठवता आलं असतं, पण त्यावर नमाज पढणार कोण? मऊ करणं भाग होतं. केसांची बाजू कोरडी ठेवून आतून ओला फडका फिरवायचा, थोडं तेल चोळायचं, आणि फळीच्या धारेवर इकडून तिकडे ओढत राहायचं. हे एकट्या माणसाचं काम नाही. पूर्वी एक टोक त्यांच्याकडे असायचं, एक तुझ्याकडे. आता एक माझ्याकडे होतं, आणि दुसरं मी अलीमियाँच्या हातात दिलं. सुट्टी असल्यामुळे दोन-तीन दिवस तो येत होता. तो ओढायचा, मी सोडायची, मी ओढायची, तो सोडायचा. बोलणं फारसं नव्हतंच. कातडं हळूहळू वाकायला लागलं. आणि मान वर करून बघते तर शेडच्या दारात नबील. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या अब्बांच्या हातची शेवटची चीज, तिचं एक टोक परक्या माणसाच्या हातात, आणि त्याची आई घामाघूम होऊन हसतेय. हो, हसत होते मी, कशावर ते आठवत नाही. पोराने आत जाऊन आम्हा दोघांना पाणी आणून दिलं. मला वाटलं, हे कातडं घेऊन जमिनीत शिरावं.

रात्री जेवताना तो म्हणाला, 'अम्मी, मला काही प्रॉब्लेम नाही. पण मामूला तू सांग. माझ्याकडून नको, जहूरचाचांकडून नको. तू.' तोपर्यंत, महमूद, कोणी कोणाला काही बोललंच नव्हतं! पोराने सांगितलं तेव्हा मला कळलं की सांगण्यासारखं काही आहे. दुसऱ्या दिवशी अलीमियाँ परत इब्र्याला निघाला तेव्हा पायरीवर उभा राहून, चपलांकडे बघत त्याने निकाहाचं विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे गावी. तो म्हणाला, 'त्यांच्या हाताशिवाय मलाही नको.' त्या दिवसापासून तो मला भाभी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नुसतं 'ऐकताय का?' असं विचारतो.

आणि मला आठवतो तो आपल्या पडवीतला प्रसंग. माझी इद्दत सरल्यावर गोवळकोटहून माझ्यासाठी मागणी घेऊन माणसं आली होती. त्यांना तू चहासुद्धा न देता उठवलंस. 'शरीफभाईंच्या जागी कोण बसत नाही,' असं म्हणालास. मला फोन करून सांगितलंस आणि मी तुला शाबासकी दिली. म्हटलं, माझा भाऊ शोभतोस. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं, आताचंही मनापासून लिहितेय. हे दोन्ही खरं कसं, ते मला विचारू नकोस, मी स्वतःला विचारून थकले. बेइमानी म्हणशील तर म्हण. मी स्वतःला तेच म्हणत होते, अजूनही म्हणते, आणि म्हणता म्हणता शुक्रवारी पायरीवर पाण्याचा शिडकावा करून ठेवते, कारण शुक्रवारी त्याची गाडी येते.

तर आता कशासाठी लिहिलं ते. आपल्या शाफई मजहबात, आपल्या पंथात, बाईचा निकाह वलीशिवाय, तिचा हात देणाऱ्या घरच्या पुरुषाशिवाय, होत नाही, मग ती सोळाची असो की पन्नाशीला टेकलेली. पोटचा मुलगा वली होऊ शकत नाही. अब्बा नाहीत, आजोबा नाहीत. उरलास तू, ज्याचं नाक मी माझ्या ओढणीने पुसलं आहे. तू फोनवरून दुसऱ्या कुणाला वकील करू शकतोस, इथल्या मौलवींनी तसं सांगितलं. मला तसं नको. तू नाही म्हणालास तर विषय इथेच संपला, तुला एका शब्दानेही बोलणार नाही, अलीमियाँलाही तसंच सांगितलं आहे. आता गुंडाळी उसव. त्यांनी तुझ्यासाठी ठेवलेलं ते कातडं आहे, कसर लागलेली कडा मी कापून शिवून घेतली आहे. त्यावर दोन रकात नमाज पढ, त्यांच्यासाठी दुआ कर, आणि मग काय ते ठरव. त्याच्या गाठी तू सोडायच्या होत्यास, मी सोडल्या. माफ कर. पण चौकट रिकामी नाही. त्यांच्या नावाच्या कुर्बानीचं यंदाचं कातडं तिच्यावर आहे, कधीच वाळून तयार झालंय. पाचरी मी रोज सारत होते. अलीमियाँने दोनदा विचारलं, काढू या का? मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही, माझा भाऊ येऊन सोडेल. व्हिसाचं नबील बघतो आहे. तू ये. आधी शेडमध्ये जा, ते कातडं सोडव, आणि मग माझा हात दे. दोरी मी त्यांच्यासारखी सैल बांधली आहे, तुझ्यासारखी करकचून नाही. तुझ्या बोटांना त्रास होणार नाही.

वाट पाहणारी,
तुझीच
रशीदाआपा